ब्राउझर व त्याच्या पानांचा चिठ्ठीव्यवहार

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]

आजचा विषय एका निवृत्त शाळामास्तराच्या तोंडीं शोभेल कीं नाहीं, याची मलाच शंका आहे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेलें. आयुष्य गेलें तें खडू आणि फळा यांच्या सहवासांत. संगणक हातीं आला तो केस पांढरे झाल्यावर. परंतु ज्या ब्राउझरमधून आज घरोघर विजेचीं बिलें भरलीं जातात, मुलांचे निकाल पाहिले जातात आणि बँकेचे व्यवहारहि केले जातात, त्याच्या पोटांत काय चालतें हें समजून घेण्याची पाळी माझ्यावर एका प्रसंगानें आली. तो प्रसंग आधीं सांगतों. त्यांत चूक माझी होती, आणि तिची किंमत मात्र दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली.

माझे एक जुने सहकारी वारले. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारे वहिनी म्हणत आलों, कुटुंब-निवृत्तिवेतनाचा अर्ज भरण्यासाठीं आमच्याकडे आल्या. तालुक्याच्या गांवाहून तीन तासांचा एस्. टी.चा प्रवास करून आल्या होत्या. मीं अर्जाचें पान उघडलें. जन्मतारीख, सेवेचीं वर्षें, बँकेतील खात्याचा क्रमांक. एकेक गोष्ट त्या कागदांतून काढून सांगत आणि मी रकाने भरीत जाई. पाऊण तास असा गेला. मध्येंच एका शब्दाचा अर्थ पाहावा म्हणून मीं शेजारीं दुसरें एक पान उघडलें. त्यावर जाहिरातींची इतकी दाटी होती कीं तें जागच्या जागीं थिजलें. थोड्या वेळानें पडद्यावर एक चौकट उमटली: पान प्रतिसाद देत नाहीं, थांबावयाचें, कीं तें बंद करावयाचें?

मी घाबरलों. मला वाटलें, आतां सारेंच बिघडलें. खात्याचा क्रमांक कोणा चोराच्या हातीं लागण्यापूर्वीं यंत्रच बंद केलेलें बरें. मीं भिंतीवरचें बटण दाबलें. पडदा काळा झाला, आणि त्याबरोबर वहिनींचा भरलेला अर्जहि गेला. त्यांना शेवटची गाडी गांठावयाची होती. "असूं द्या, भाऊजी. पुढच्या आठवड्यांत पुन्हां येतें," एवढेंच त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. त्यांनीं मला दोष दिला असता तर मला बरें वाटलें असतें.

संध्याकाळीं माझी नात घरीं आली. ती संगणकशास्त्र शिकते. तिनें सारें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "आजोबा, बिघडलें होतें तें शेजारचें पान. तेवढेंच बंद केलें असतें तर अर्जाला धक्काहि लागला नसता. तीं दोन पानें एका बिऱ्हाडांत राहतच नाहींत."

श्रोतेहो, "एका बिऱ्हाडांत राहतच नाहींत" या शब्दांचा अर्थ समजून घेण्यांत माझे पुढचे आठ दिवस गेले. तोच अर्थ आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

थोडा पूर्वेतिहास पाहूं. महाजालाचा पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत तयार केला. त्या काळचीं पानें छापील कागदासारखीं होतीं. वाचावीं, आणि दुव्यावरून पुढच्या पानावर जावें. १९९५ सालीं नेटस्केपच्या ब्राउझरमध्यें जावास्क्रिप्ट नांवाची भाषा आली, आणि पानाबरोबर आज्ञावलीहि येऊं लागली. म्हणजे कोणीं तरी, कोठें तरी लिहिलेल्या आज्ञा आपल्या घरच्या यंत्रावर चालूं लागल्या. पूर्वीं पान हें पत्र होतें. आतां तें पाहुणा झालें. पाहुणे सारेच सज्जन असतात असें नाहीं, आणि सज्जन पाहुणाहि घरांत आजारी पडूं शकतो.

तरीही पुष्कळ वर्षें ब्राउझरचें सारें काम एकाच प्रक्रियेंत चाले. हा 'प्रक्रिया' शब्द येथें समजून घेतला पाहिजे. संगणकांत एखादा कार्यक्रम चालूं लागला म्हणजे त्याच्या त्या चालत्या रूपाला प्रक्रिया म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रक्रियेला स्मृतींतील स्वतंत्र जागा नेमून देते. एका प्रक्रियेला परवानगीवांचून दुसरीच्या जागेंत वाचतां येत नाहीं कीं लिहितां येत नाहीं. वाड्यांतील दोन बिऱ्हाडांमध्यें पक्की भिंत असावी, तसें हें आहे. एकीकडे दुधाचें पातेलें उतूं गेलें म्हणून दुसरीकडची चूल विझत नाहीं. परंतु जुन्या ब्राउझरमध्यें सारीं पानें एकाच खोलींत बसलेलीं असत. एक पान कोसळलें कीं सारीं कोसळत.

२ सप्टेंबर २००८ रोजीं गूगलनें क्रोम हा ब्राउझर लोकांपुढें आणला. त्याची रचना समजावून देण्यासाठीं स्कॉट मॅक्क्लाउड या चित्रकारानें काढलेली एक चित्रपुस्तिकाहि प्रसिद्ध झाली. तिच्यांतील मुख्य मुद्दा हाच होता, कीं पानांना निरनिराळ्या प्रक्रियांत बसवावें. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोअररची आठवी आवृत्ति २००९ सालीं याच वाटेनें आली. ॲपलनें २०१० सालीं वेबकिट२ ही रचना जाहीर केली. मोझिलाच्या फायरफॉक्समध्यें ही व्यवस्था २०१६ सालापासून सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोंचूं लागली. मी पुढें जें सांगणार आहें तें मुख्यत्वें क्रोमचें आहे. तत्त्व मात्र बहुतेक ठिकाणीं तेंच.

या रचनेंत एक मुख्य प्रक्रिया असते. खिडक्या उघडणें, वरची पत्त्याची पट्टी दाखविणें, कोणाला काय द्यावें याचा निर्णय करणें, हीं कामें तिच्याकडे. दुसऱ्या असतात त्या पान मांडणाऱ्या प्रक्रिया. त्यांना 'रेंडरर' म्हणतात. आलेला मजकूर वाचून कोणती ओळ कोठें बसेल, चित्र कोठें येईल हें ठरविणें आणि पानाबरोबर आलेल्या आज्ञा चालविणें, हें रेंडररचें काम. दर पानाला स्वतंत्र रेंडरर असतोच असें नाहीं. एकाच संकेतस्थळाचीं दोन पानें कधीं एकाच रेंडररमध्यें बसतात. जालावरून मजकूर आणण्यासाठीं आणि पडद्यावर चित्र उमटविण्यासाठींहि आज निराळ्या प्रक्रिया आहेत. पण अधिकार मुख्य प्रक्रियेच्या हातीं राहतो.

आतां, या साऱ्यांच्यामध्यें भिंती घातल्या तर त्यांनीं एकमेकांशीं बोलावें कसें? येथें मला माझी शाळा आठवली. आमच्या शाळेंत वर्ग चालूं असतां शिक्षकाला दार ओलांडतां येत नसे. खडू संपला, नकाशा हवा झाला किंवा एखाद्या मुलाच्या घरीं निरोप धाडावयाचा असला, तर शिक्षकानें चिठ्ठी लिहावी, शिपायानें ती मुख्याध्यापकांकडे न्यावी आणि तेथून होकार अगर नकार यावा, अशी शिस्त होती. रेंडररची स्थिति याहून कडक असते. त्याला यंत्रांतील तुमच्या फाइली उघडतां येत नाहींत, जालाशीं स्वतः होऊन बोलतां येत नाहीं. लहान मुलांना खेळावयास वाळूची चौकट आंखून द्यावी तसा तो बंदिस्त असतो. म्हणूनच या बंदिस्तपणाला इंग्रजींत 'सँडबॉक्स' हें नांव पडलें. त्याच्याजवळ बाहेरच्या जगाशीं बोलण्याचें साधन एकच, तें म्हणजे चिठ्ठी.

ही चिठ्ठी ज्या मार्गानें जाते त्याला 'पाइप', म्हणजे नळी, म्हणतात. नळी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मदतीनें बांधलेली असते. तिचें एक टोंक मुख्य प्रक्रियेंत आणि दुसरें रेंडररमध्यें. एका टोंकाला संदेश टाकला कीं तो दुसऱ्या टोंकाला निघतो. क्रोमच्या पूर्वींच्या पद्धतींत एका रेंडररला एक मोठी नळी असे, आणि कोणत्या पानासंबंधीं संदेश आहे हें कळावें म्हणून त्यावर क्रमांक घातलेला असे. पुढें 'मोजो' नांवाची पद्धति आली. तींत निरनिराळ्या कामांना निरनिराळ्या नळ्या देतां येतात, आणि ज्या कामाची नळीच दिलेली नाहीं तें काम रेंडररला मागतांहि येत नाहीं. टपाल घेण्यासाठीं प्रत्येक प्रक्रियेंत एक निराळा धागा, म्हणजे कामाचा निराळा ओघ, ठेवलेला असतो. त्यामुळें हातांतलें काम चालूं असतांहि आलेली चिठ्ठी दाराशीं पडून राहत नाहीं. चित्रासारखी मोठी वस्तु मात्र नळींतून कोंबीत नाहींत. ती दोघांनाहि दिसेल अशा सामाईक स्मृतींत ठेवतात आणि "तेथें पाहा" एवढाच निरोप पाठवितात. मोठा नकाशा घडी घालून चिठ्ठींत कोण पाठवील? तो व्हरांड्यांतील फळ्यावर टांगावा, हेंच बरें.

आतां अर्ज भरतांना काय घडत होतें तें पाहा. मीं वहिनींच्या नांवाचें पहिलें अक्षर दाबलें. कळ दाबली गेल्याची वर्दी ऑपरेटिंग सिस्टिमनें प्रथम मुख्य प्रक्रियेला दिली. मुख्य प्रक्रियेनें ती चिठ्ठी अर्जाच्या रेंडररकडे धाडली. रेंडररनें अक्षर रकान्यांत बसविलें, पानाचा तेवढा भाग पुन्हां रेखाटला, आणि "पोंचलें, काम झालें" असा उलट निरोप दिला. एकेका अक्षरासाठीं इतकी ये-जा होते, आणि ती इतकी झटपट होते कीं आपल्या डोळ्यांना तिचा पत्ताहि लागत नाहीं.

या व्यवहाराला दोन नियम आहेत. माझ्या मतें साऱ्या रचनेचें मर्म त्या दोहोंतच आहे.

पहिला नियम असा: रेंडररनें मुख्य प्रक्रियेच्या उत्तरासाठीं खोळंबून राहिलें तर चालेल; मुख्य प्रक्रियेनें रेंडररसाठीं कधींहि खोळंबूं नये. एक शिक्षक चिठ्ठीच्या उत्तराची वाट पाहत बसला तर एक वर्ग थांबतो. मुख्याध्यापकच जर एखाद्या वर्गाच्या दारांत उत्तराची वाट पाहत उभे राहिले, तर सारी शाळा थांबेल. म्हणून मुख्य प्रक्रिया चिठ्ठी धाडते आणि आपल्या पुढच्या कामाला लागते. फक्त घड्याळावर नजर ठेवते. कांहीं सेकंदांत उलट निरोप आला नाहीं, तर ती वाचकाला विचारते, "हें पान प्रतिसाद देत नाहीं, थांबूं, कीं बंद करूं?"

श्रोतेहो, हें मला कळलें तेव्हां मी क्षणभर स्वस्थ बसून राहिलों. ज्या चौकटीला पाहून मी घाबरलों होतों, ती रेखाटली होती मुख्य प्रक्रियेनें. गाढ अडकलेल्या पानाला चौकट दाखवितां आलीच नसती. ती चौकट दिसली याचाच अर्थ मुख्याध्यापकांची खोली शाबूत होती, आणि भिंतीपलीकडे अर्जाचा वर्ग शांतपणें चालूं होता. एका वर्गांत गोंधळ झाल्याची वर्दी आली, आणि मीं सारी शाळा सोडून दिली!

दुसरा नियम याहून कठोर आहे: रेंडररच्या शब्दावर विश्वास ठेवूं नये. रेंडररमध्यें परक्याच्या आज्ञा चालतात. त्यांतील एखादी दुष्ट आज्ञावली ब्राउझरच्या एखाद्या उणीवेचा फायदा घेऊन रेंडररलाच आपल्या मुठींत ठेवील, असें गृहीत धरूनच ही रचना केलेली आहे. अशा रेंडररनें चिठ्ठी लिहिली कीं "मी बँकेचें पान आहें, बँकेच्या खुणेच्या कुकी मला द्या", तर मुख्य प्रक्रिया चिठ्ठींतील नांवावर जात नाहीं. चिठ्ठी कोणत्या नळींतून आली तें ती पाहते. कारण त्या नळीच्या पलीकडे कोणत्या संकेतस्थळाला बसविलें आहे, याची नोंद तिच्याच दप्तरीं असते. पांचवीच्या वर्गांतून आलेल्या चिठ्ठीवर "मॅट्रिकचा वर्ग" असें लिहिलें म्हणून मॅट्रिकच्या प्रश्नपत्रिका कोणी देत नाहीं. पुन्हां सांगावयाचें तर, ज्या चिठ्ठ्या प्रामाणिक रेंडररकडून येणेंच शक्य नाहीं, अशी चिठ्ठी हातीं पडतांच मुख्य प्रक्रिया त्या रेंडररची समजूत घालीत बसत नाहीं; त्याला तेथल्या तेथें बंद करते.

वहिनींच्या अर्जाला त्यांचें छायाचित्र जोडावयाचें होतें. छायाचित्र निवडण्यासाठीं जी खिडकी उघडते ती पानानें उघडलेली नसते. मुख्य प्रक्रियेनें उघडलेली असते. आपण एक फाइल निवडतों आणि तेवढीच त्या पानाच्या हातीं पडते. शेजारच्या फाइलींचीं नांवेंहि त्याला दिसत नाहींत.

या भिंतींची खरी परीक्षा २०१८ सालीं झाली. त्या वर्षाच्या जानेवारींत 'स्पेक्टर' आणि 'मेल्टडाउन' या नांवांनीं प्रोसेसरांतील दोष जाहीर झाले. आधुनिक प्रोसेसर वेळ वांचविण्यासाठीं पुढें कोणती आज्ञा येईल याचा अंदाज बांधून तें काम आधींच करून ठेवतो. अंदाज चुकला तर तो केलेलें काम टाकून देतो. पण त्याच्या खुणा प्रोसेसरजवळच्या जलद स्मृतींत मागें राहतात. त्या खुणांवरून, एकाच प्रक्रियेंत शेजारीं बसलेल्या दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती हळूहळू ओळखून काढतां येते, असें स्पेक्टरनें दाखविलें. तोंवर एका पानाच्या आंतील चौकटींत परक्या संकेतस्थळाची जाहिरात आली, तर ती बहुधा त्या पानाच्याच प्रक्रियेंत बसे. २०१८ च्या मध्यास क्रोमच्या ६७ व्या आवृत्तींत टेबलावरच्या संगणकांसाठीं सरसकट असा नियम झाला, कीं निरनिराळ्या संकेतस्थळांनीं एका प्रक्रियेंत बसूं नये. मग तीं एकाच पानांत शेजारीं शेजारीं कां दिसेनात. आपल्याला दिसतें एकच पान, पण त्याच्या मागें दोन-चार बिऱ्हाडें असतात, आणि त्यांच्यांतील बोलणें चिठ्ठ्यांनींच चालतें.

भिंतींना खर्च हा आलाच. प्रत्येक प्रक्रियेला आपली स्मृति लागते. या बदलामुळें एकंदर स्मृतीचा वापर सुमारें १० ते १३ टक्के वाढतो, असें गूगलनें त्या वेळीं सांगितलें. लहान यंत्राला हा भार जड. म्हणून अँड्रॉइडच्या मोबाइलवर ही सोय २०१९ सालीं ७७ व्या आवृत्तींत आली, ती निदान २ गिगाबाइट स्मृति असलेल्या यंत्रांवर, आणि ज्या संकेतस्थळांवर वाचक परवलीचा शब्द देऊन आंत जातो तेवढ्यांपुरती. कारण उघड आहे. पैसा थोडा असला म्हणजे घरांतील ज्या खोलींत तिजोरी आहे, त्या खोलीची भिंत आधीं बांधावी.

एवढें ऐकून कोणाला वाटेल, कीं आतां निश्चिंत झोपावें. तसें नव्हे. या साऱ्या भिंती पानापानांमध्यें आहेत. पान आणि आपण यांच्यामध्यें एकहि नाहीं. बँकेसारखेंच दिसणारें खोटें पान कोणीं पुढें केलें आणि आपणच आपल्या हातानें परवलीचा शब्द त्यांत लिहिला, तर मुख्य प्रक्रिया काय करणार? चिठ्ठी खरी आहे, ती आपणच लिहिलेली आहे. येथें उपयोगी पडते ती वरची पत्त्याची पट्टी. ती मुख्य प्रक्रियेच्या हातांत असते. पानाच्या आज्ञांना आपल्या चौकटीबाहेर येऊन तीवर कांहीं रंगवितां येत नाहीं. पान आपल्या अंगणांत हवी तेवढी रांगोळी काढो, दारावरची पाटी बदलणें त्याच्या हातीं नाहीं. ती पाटी अक्षर न् अक्षर वाचणें हें आपलें काम आहे. एखादें अक्षर इकडचें तिकडे झालें तरी घर दुसऱ्याचें असतें.

वहिनी पुन्हां यावयाच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशीं मीं एक प्रयोग केला. एका पानावर चार ओळी लिहून ठेवल्या आणि शेजारीं तेंच जाहिरातींनीं भरलेलें पान मुद्दाम उघडलें. बऱ्याच वेळानें तें थिजलें आणि ती चौकट आली. या वेळीं मीं "बंद करा" यावर बोट ठेवलें. तें पान गेलें. माझ्या चार ओळी जशाच्या तशा होत्या. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशीं झाला होता, तसा आनंद मला झाला.

दुसऱ्या दिवशीं वहिनींचा अर्ज पुरा भरला गेला. निघतांना त्यांनीं विचारलें, "मागच्या वेळीं काय हो बिघडलें होतें, भाऊजी?" मीं खरें तेंच सांगितलें: "यंत्रांत कांहीं बिघडलें नव्हतें, वहिनी. माझें अज्ञान आडवें आलें."

श्रोतेहो, ज्या गोष्टीचें अंतरंग आपल्याला ठाऊक नसतें तिच्यापुढें आपण एक तर भोळेपणानें मान तुकवितों किंवा भीतीनें हात झाडून मोकळे होतों. दोहोंतहि नुकसान होतें, आणि पुष्कळदां तें आपल्यावर विसंबलेल्या माणसाचें होतें. तेव्हां पुढें कधीं आपल्या पडद्यावर ती चौकट आली, तर घाबरून भिंतीवरचें बटण दाबूं नका. कोणतें पान अडलें तें पाहा, तेवढेंच बंद करा, आणि दारावरची पाटी वाचून आपलें काम पुढें चालूं ठेवा.